वळचणीच्या पाकोळ्या

इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या त्या खेड्यात नेटा गॅरडला सगळे भांडकुदळ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. तोंडावर काही बोलायची तिथे रीतच नाही. तिथला माणूस चिडला की जास्तच सभ्य होतो, चहा विचारतो आणि आज ऊन बरं पडलंय म्हणतो. नेटाला हे सोंग कधी जमलं नाही. तिचा नवरा सिड गवंडी होता. तो जिवंत असेपर्यंत तिने त्याच्या हाताखाली चुना कालवला, विटा वाहिल्या आणि गिऱ्हाइकांशी भांडणंही केली, कारण सिड बिचारा कोणाशी भांडत नसे.

तिला राग यायला कारणंही तशीच होती. शेतांमधली काटेरी कुंपणं उपटून एकसलग रान केलं, तेव्हा त्यांतले पिवळे भारीट पक्षी गेले. ओढ्याकाठचं ओलं कुरण नांगरलं, टिटव्या गेल्या. टेकाडावरच्या जुन्या कोठारात गव्हाणी घुबडं राहत होती. ते कोठार कोणीतरी विकत घेतलं, मोठाल्या काचा बसवून त्याचं घर केलं आणि दारावर पाटी लावली, ‘घुबडांचं कोठार’. पाटी लागली आणि घुबडं उडाली. दर वेळी नेटा कोणाच्या तरी दारात जाऊन ओरडली. दर वेळी समोरचा म्हणाला, ‘खरंच, फार वाईट झालं,’ आणि केक कापायला आत गेला.

बरं, या लोकांना पक्षी आवडत नाहीत असंही नाही. कपावर रॉबिन, हात पुसायच्या फडक्यावर रॉबिन, नाताळच्या कार्डावर तर हमखास रॉबिन. छापलेला पक्षी घाण करत नाही, एवढाच त्याचा गुण.

आता गावात राहिल्या होत्या त्या पाकोळ्या. गावच्या सभागृहाच्या वळचणीला, कौलांखालच्या फटींत त्यांचं बिऱ्हाड. भिंतीची दुरुस्ती करताना सिडने त्या फटी मुद्दाम सोडल्या होत्या. पाकोळ्या हिवाळा आफ्रिकेत काढतात आणि मे महिन्यात जी ती आपल्याच फटीत परत येते. मग उन्हाळाभर त्यांची किंचाळणारी टोळी रस्त्यावरून सुसाट फिरते. नेटाचा राग तेवढे दिवस जरा निवलेला असे.

त्या वर्षी गावाने ‘सर्वांत नीटनेटकं गाव’ या स्पर्धेत नाव दिलं. कमिटीचे प्रमुख क्लाइव्ह पेनिंग्टन, लंडनची नोकरी संपवून आलेले. राहायला कुठे, तर घुबडांच्या कोठारात. एप्रिलमध्ये नेटा लोस्टॉफ्टला आजारी बहिणीकडे गेली होती. तेवढ्यात यांनी वळचणीच्या सगळ्या फटी सिमेंटने लिंपल्या, भिंत रंगवली आणि खाली जिरेनियमच्या फुलांच्या टोपल्या टांगल्या.

मे उजाडला, पाकोळ्या आल्या. बाणासारख्या यायच्या आणि धाडकन भिंतीवर आपटायच्या. फिरून यायच्या, पुन्हा आपटायच्या. नेटा खाली उभी राहून बघत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. अंडी घालायचे दिवस मोजके. ते निघून गेले की यंदा पिल्लं नाहीत.

भिंतीच्या पायथ्याशी तिला एक मेलेली पाकोळी सापडली. ती घेऊन नेटा तडक कमिटीच्या बैठकीत गेली आणि चहाच्या कपांमध्ये पाकोळी ठेवली.

“अरेरे!” क्लाइव्ह म्हणाले. “मांजराने धरली का?”

“मांजराने नाही, तुम्ही. फटी उघडा.”

“नेटाबाई, आम्ही नियम वाचूनच काम केलंय. घरट्यात पक्षी असताना हात लावायचा नाही. मी स्वतः शिडीवर चढून पाहिलं. रिकामं होतं. कोणीही राहत नव्हतं.”

“आफ्रिकेत होत्या त्या!”

“तेच म्हणतोय मी. इथे नव्हत्या. हे बघा, परीक्षक जूनमध्ये कधीही येतील. त्यानंतरच्या बैठकीत हा विषय नक्की घेऊ.”

“तोवर काय त्यांनी हवेत अंडी घालायची?”

“केक घे ना, नेटा,” शेजारची मॉड म्हणाली. “लिंबाचा आहे.”

नेटाने केककडे असं पाहिलं, की मॉडने बशी मागे घेतली. गुडघे धड असते तर नेटा त्याच पावली शिडीवर चढली असती. गावातल्या गवंड्याला विचारलं, तर तो म्हणाला कमिटीची परवानगी आण. रात्री ती उशी तोंडावर दाबून रडली. रडू दुःखाचं नव्हतं, निव्वळ संतापाचं होतं.

मेच्या शेवटी क्लाइव्ह आणि त्यांची बायको प्रू सुट्टीला पोर्तुगालला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेटाने सिडची हातगाडी काढली, परसातल्या विटा भरल्या, चुना कालवला आणि घुबडांच्या कोठारापाशी स्टूल टाकून बसली. बाहेरून उघडणारं दार एकच होतं. ती एकेक थर चढवू लागली.

मॉड कुत्र्याला फिरवत आली. बराच वेळ बघत राहिली.

“बांधकाम काढलंस वाटतं?”

“हो.”

“हवा छान आहे ना कामाला,” मॉड म्हणाली आणि पुढे गेली.

आठवड्याने पेनिंग्टनांची गाडी आली, तेव्हा दाराच्या जागी सरळ, सुबक भिंत होती आणि भिंतीपुढे स्टुलावर नेटा.

“हे काय आहे?” क्लाइव्हचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदाच चढला असावा. “वेड लागलंय का तुम्हाला? हे माझं घर आहे!”

“मी काचेतून पाहिलं, साहेब. रिकामं होतं. कोणीही राहत नव्हतं.”

“मी पोलिसांना बोलावतो!”

“बोलवा. ते विचारतील, नेटाबाई, ही अक्कल कुठून आली? मी सांगेन, कमिटीतून.”

गाडीतून प्रूचा आवाज आला, “क्लाइव्ह, मला अंघोळ करायचीय. जा, शिडी आण.”

“मी चुना वापरलाय,” नेटा म्हणाली. “तुमच्यासारखं सिमेंट नाही लिंपलं. तासाभरात निघेल. पण आधी तिकडे.”

तिने सिडची छिन्नी आणि हातोडी त्यांच्यापुढे धरली.

प्रवासाच्या कपड्यांतच क्लाइव्ह सभागृहाच्या शिडीवर चढले. ऊन अजून होतं. खाली माणसं जमली. सिमेंटच्या खपल्या जिरेनियमवर पडत होत्या. दोन फटी मोकळ्या झाल्या, तिसरी अर्धी. तेवढ्यात एक पाकोळी किंचाळत आली, क्लाइव्हच्या कानाजवळून गेली आणि सुळकन आत शिरली.

हातोडी थांबली. क्लाइव्हचे डोळे भरून आले होते. ते खाली वळून म्हणाले, “नेटाबाई, किती सुंदर...”

“बोलू नका,” नेटा म्हणाली. “फोडा.”