काळ्या चौकटीतले त्सान्कोकाका

बायको जाऊन सहा वर्षं झाली तरी त्सान्को वेलेव दर मार्चमध्ये तिचा कागद छापून आणत. काळी चौकट, मधे फोटो, खाली दोन ओळी. एक इमारतीच्या दारावर, एक झाडाच्या बुंध्यावर, एक थांब्यावर. आमच्या रुसे शहरात गेलेल्या माणसाची आठवण अशी भिंतीवर ठेवतात, पण तीन-चार वर्षांत बहुतेक लोक थकतात. काका थकले नव्हते. दुसरं काम तरी काय होतं त्यांना?

एकतीस वर्षं त्यांनी याच रस्त्यावरून ट्रॉलीबस चालवली. आता दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात बसून ती नुसती बघायची. सकाळी सहा चाळीसला गान्चोची गाडी खालून जाई. गान्चोला गाडी काकांनीच शिकवलेली. निवृत्त ड्रायव्हरच्या घराखालून जाताना दोन छोटे हॉर्न द्यायचे, ही डेपोतली जुनी रीत, आणि ती पाळणारा आता तो एकटाच उरला होता. प्याँ-प्याँ झालं की काका खिडकीतून हात वर करत. दिवसभरात त्यांची विचारपूस म्हणाल तर एवढीच.

ऑक्टोबरात नगरपालिकेने जाहीर केलं की रस्त्याच्या चार पट्ट्यांच्या दोन करायच्या. उरलेल्या जागेत सायकली, बाकडी, कुंड्या. ट्रॉलीबस मागच्या गल्लीतून जाणार. कुणाची हरकत असेल तर निदान तीस सह्यांसह सोमवारपर्यंत द्यावी.

काका पेटून उठले. जिन्यात भेटेल त्याला कोंडीबद्दल सांगत, ॲम्ब्युलन्सबद्दल सांगत, म्हाताऱ्यांना थांबा लांब पडेल म्हणत. सगळं खरं होतं. पण त्यातलं एकही कारण त्यांचं स्वतःचं नव्हतं, आणि जे होतं ते सांगायची लाज वाटत होती. दोन हॉर्नसाठी अख्खा रस्ता अडवतोय म्हटल्यावर लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

वरच्या मजल्यावरच्या स्ताम्काबाईंनी दार चार बोटं उघडलं. या निवृत्त शिक्षिका, एकट्याच. काकांचा रेडिओ मोठा झाला की हीटरच्या नळीवर चमच्याने ठणाठणा बडवत. ती नळी सगळ्या मजल्यांतून जाते, त्यामुळे निरोप बरोबर पोचे. दोघांत एवढंच काय ते बोलणं.

“वेलेव, तुमचा रेडिओ मी रोज फुकट ऐकते. वर मोटारीही ऐकू? होऊ दे लहान तो रस्ता. जरा झोप तरी लागेल.”

“आणि ॲम्ब्युलन्स अडकली तर?”

“तर मरेन. शांततेत मरेन.” दार बंद.

बारा दारं झाली, सह्या दोन. त्यातली एक त्यांची स्वतःची.

मग काका झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथली इव्हेलिना त्यांना ओळखत होती.

“पोरी, पत्रक काढायचंय. शनिवारी अकराला सगळ्यांनी थांब्यापाशी जमायचं.”

“माप कुठलं घेऊ, काका?”

“नेहमीचंच घे की, काकूच्या कागदाचं. आणि फोटो माझा लाव. कोण बोलावतंय ते कळू दे लोकांना.”

तिने जुना कागद उघडला, काकूंच्या जागी गणवेशातले काका बसवले, नाव ठळक केलं, खाली बारीक अक्षरांत रस्त्याबद्दल घातलं. चौकट तशीच राहिली. दिवसाला असे दहा कागद छापणाऱ्या पोरीला ती खटकली नाही, आणि सहा वर्षं बघून बघून काकांच्या डोळ्यांना ती दिसतच नव्हती. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी वीस कागद चिकटवले.

असा कागद आमच्याकडे कोण वाचतो? चौकट दिसली, फोटो दिसला, शनिवार दिसला, झालं. स्मशानाची बसही त्याच थांब्यावरून सुटते.

शुक्रवारी काका भाषण पाठ करायचं म्हणून रेडिओ बंद ठेवून घरीच बसले. सकाळी सहा चाळीसला गान्चोची गाडी आली. अगदी हळू आली, आणि हॉर्न न देता गेली. काकांचा वर गेलेला हात तसाच राहिला. गान्चोही विसरला, त्यांना वाटलं. अजून तर रस्ता होता तसाच होता.

शनिवारी ते खाली उतरले तर थांब्यापाशी चाळीसेक माणसं! काकांचा ऊर भरून आला. पाठमोऱ्या घोळक्यात ते हळूच शिरले.

“मी धावत येताना दिसले की गाडी थांबवून ठेवायचे हो.”

“शेवटपर्यंत ताठ होता. कुणाला त्रास नाही काही नाही.”

मेल्या म्हशीला मणभर दूध! काकांनी शेजारच्या बेकरीवालीला विचारलं, “कोण गेलं?”

ती किंचाळली. कुणी छातीवर क्रूसाची खूण केली, कुणी खो-खो हसलं, कुणीतरी “आयुष्य वाढलं तुमचं!” म्हणून पाठ थोपटली. पण हातातल्या फुलांचं काय करावं कुणालाच कळेना. जिवंत माणसाला आम्ही विषम फुलं देतो. सम फुलं मेलेल्यांची. सगळ्यांनी दोन, चार, सहा अशीच आणलेली. ती त्यांनी गुपचूप बाकावर ठेवली आणि शरमेपोटी भराभर सह्या केल्या. छत्तीस सह्या झाल्या आणि दहा मिनिटांत थांबा रिकामा झाला. पाठ केलेलं भाषण खिशातच राहिलं.

मागे राहिल्या स्ताम्काबाई, हातात चार पांढरी फुलं घेऊन.

“काल तुमचा रेडिओ नव्हता,” त्या म्हणाल्या. “मी दिवसभर कान लावून बसले होते.”

“भाषण पाठ करत होतो.”

“गाढव आहात. खरं सांगा, हे सगळं ॲम्ब्युलन्ससाठी नाही ना?”

काकांनी बुटांकडे बघत सांगितलं. गान्चो, सहा चाळीस, दोन हॉर्न.

“त्या हॉर्नची तक्रार मीच केली होती,” त्या म्हणाल्या. “दोनदा.” मग त्यांनी सही केली, चारांतलं एक फूल काढून बाकावर ठेवलं आणि उरलेली तीन काकांच्या हातात दिली.

सोमवारी गान्चोने त्यांना खिडकीत बघून इतका लांब हॉर्न दिला की अर्धी इमारत जागी झाली. हरकत दाखल झाली, ‘नोंद घेतली’ असं उत्तरही आलं, आणि एप्रिलमध्ये रस्ता ठरल्याप्रमाणे दोन पट्ट्यांचा झाला. ट्रॉलीबस मागच्या गल्लीत गेली. लोक म्हणाले, काय छान वाटतंय!

पहिल्या सकाळी काका सवयीने खिडकीपाशी बसले. सहा चाळीस झाले. एक सायकल गेली. चिमण्यांचा आवाज येत होता, आणि तो त्यांना सहन होईना. उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.

इतक्यात हीटरच्या नळीवर वरून ठोका पडला. टण-टण. दोनच.

काकांनी आधी रेडिओकडे बघितलं. तो बंद होता. मग त्यांचा हात आपोआप वर गेला, आणि छताआडून तो कुणाला दिसणार नाही हे लक्षात आलं. त्यांनी ड्रॉवर उघडून चमचा काढला.