आमची बाव, आपली बाव

माझ्या खोल्यांवर उतरणाऱ्या पाहुण्यांना मी चहाच्या आधी समुद्राचे नियम सांगते. मूल हाताच्या अंतरावर हवं. लाईफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय टाकायचा नाही, आणि जॅकेटचे पट्टे आईबापांनी स्वतः ओढून बघायचे. लाल बावटा असेल तर वाळूत खेळा. कोल्हापूरचा एक बाप हसून म्हणाला, "काकू, आमचा पोहायच्या क्लासला जातो." मी विचारलं, "क्लासात लाट येते का हो?" मालवणच्या बाजारात माझ्या तोंडाला सगळे वचकून असतात. एका स्टोव्हवर वडे-सागोती विकायला सुरुवात करून मी या खोल्या उभ्या केल्या, त्या गोड बोलून नाही.

समुद्राचं मी असं पाठ केलं होतं. घरामागच्या बावीचं मात्र कुणीच काही पाठ केलं नव्हतं.

ही बाव, म्हणजे विहीर, वाटणीत कुणाच्याच वाट्याला आली नाही. सामाईक राहिली. अर्धी माझ्या परड्यात, अर्धी थोरल्या दिरांच्या. जुना कठडा ढासळला तेव्हा मी चिरे आणायला निघाले, तर दीर म्हणाले, "कठडो बांधलंस की उद्या म्हणतलंस, बाव माझी." पुढे त्यांनी गवंडी बोलावला, तेव्हा मी आडवी आले. बांधकाम म्हणजे ताबा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे दोघांचाही हक्क शाबूत राहिला आणि बाव उघडी राहिली.

माझा राग नुसत्या कठड्याचा नव्हता. दीर चारचौघांत कायम म्हणायचे, "आमची बाव." 'आपली' म्हटलं असतं तर मीही त्यात आले असते. 'आमची' म्हटलं की मी बाहेर. लग्न होऊन आल्यापासून मी हा शब्द ऐकत आले आहे.

मे महिन्यात त्यांची सून पुण्याहून तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आमच्या बावीत कासव आहे. पाणी स्वच्छ राहावं म्हणून सोडलेलं, फार जुनं. घरातलं लहान मूल रडलं की त्याला उचलायचं, काठावर न्यायचं आणि कासव दाखवायचं, अशी दोन्ही घरांची रीत. त्या मुलीलाही सगळ्यांनी दाखवलं. आजीने, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी दाखवलं, मी दाखवलं, माझ्या पाहुण्यांनीसुद्धा दाखवलं. मुलीला बावीची वाट आम्हीच शिकवली.

एका दुपारी माझ्याकडे पाहुण्यांची पंगत होती आणि जाऊबाई मदतीला आल्या होत्या. भांडण बावीचं होतं, वाढण्याचं नव्हतं. सून केस धुवायला न्हाणीघरात गेली. जाताना तिने मुलगी आजीकडे दिली, आणि आजीने ती पंगतीत बसवली. मी सोलकढी वाढत होते. मधेच जाऊबाईंनी विचारलं, "चेडू खंय आसा गो?"

"माका वाटला तुमच्याकडे आसा."

"माका वाटला तुझ्याकडे."

एवढी माणसं घरात होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कुणीतरी बघतो आहे.

मी मागच्या दाराने बाहेर आले. मुलगी बावीच्या काठावर पालथी पडली होती. छातीपर्यंतचा भाग आत, मुठीत भात, आणि ती खाली कासवाला हाका मारत होती. हाक मारायला माझंही तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं. दचकली असती तर पुढेच गेली असती. मी चपला काढल्या, चालत गेले आणि मागून तिचा फ्रॉक आणि पाय एकदम धरला. भात पाण्यात पडला. कासव वर आलं आणि खाऊ लागलं. मुलगी खूश होऊन टाळ्या वाजवू लागली.

माझा आवाज त्यानंतर फुटला. दोन्ही घरं बाहेर आली. सून ओल्या केसांनी मुलीला घेऊन खाली बसली, ती उठेचना. दीर मात्र बावीवरच्या देवाला हात जोडत म्हणाले, "राखणदार आसा बावीक. चार पिढ्यांत कोण पडूक नाय."

"राखणदार इलो नाय, भावजी. मी इलंय."

संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसले. मासळीच्या लिलावात मी ज्या तोंडाने बसते त्याच तोंडाने. सून दाराशी उभी होती. तिने बॅग भरली होती. कठडा झाला नाही तर मुलीला पुन्हा इथे आणणार नाही, हे तिने सासऱ्यांना सांगून टाकलं होतं. त्यांना एवढी एकच नात.

मी सौदा मांडला. चिरे त्यांचे, गवंडी माझा, म्हणजे ताबा कुणाचाच नाही. कठडा गोल, मोठ्या माणसाच्या छातीएवढा. वर लोखंडी जाळी, दोन्ही बाजूंना एकेक झडप, तिची कडी मुलाचा हात पोचणार नाही अशी. जाऊबाईंचा धुण्याचा दगड बावीपासून दूर, नाहीतर तीच पायरी व्हायची.

"तो सासूबायचो दगड आसा," जाऊबाई म्हणाल्या.

"दगडच आसा मां, वयनी? हलवूया तर."

दिरांनी अट घातली की माझा पंप त्यांचं पाणी भरून झाल्यावरच चालू व्हायचा. मला ते परवडणारं नव्हतं, तरी मी मान्य केलं. मग माझी अट सांगितली. काम सुरू करताना राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने प्रार्थना करायची, वाडीतल्या माणसांसमोर, आणि त्यात 'आपली बाव' म्हणायचं. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "म्हणतंय."

काम सुरू करायच्या दिवशी बावीपाशी नारळ ठेवला. गवंडी थापी घेऊन तयार होता. वाडीतले लोक जमले. दिरांनी हात जोडले आणि मोठ्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ह्या आमच्या बावीक कठडो घालतंव, पोराबाळांची राखण कर रे म्हाराजा."

आमच्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सौदा मोडला की मी तिथल्या तिथे उठते, हे सगळ्यांना माहीत होतं. सून मुलीचं मनगट घट्ट धरून उभी होती. मुलगी कासवाला बघायला तिला ओढत होती.

"व्हय म्हाराजा," मी गाऱ्हाण्याला होकार दिला. मग बाकीचे म्हणाले. गवंड्याने पहिला चिरा बसवला.

नंतर मी दिरांना गाठलं. "आमची म्हणालात."

"तोंडात बसलेलो शब्द गो. देवाक समाजला."

"माका समाजूक नाय."

कठडा झाला. दगड आता तुळशीपलीकडे आहे. कासव बघायचं तर मोठ्या माणसाने कडी काढायची, एका हाताने मूल धरायचं, आणि कडी परत लागेपर्यंत तिथून हलायचं नाही. पाहुण्यांना मी समुद्राच्या नियमांबरोबर हाही सांगते. यंदाच्या मे महिन्यातही सून मुलीला घेऊन आली.

पंप अजून त्यांच्यानंतरच चालतो. पुढच्या उन्हाळ्यात बावीचा गाळ काढायचा आहे. तेव्हा पुन्हा गाऱ्हाणं घालावं लागेल. जाळीच्या दोन्ही झडपा उघडायला लागतील, आणि माझ्या बाजूची कडी मीच काढणार आहे. पण आधी 'आपली' हा शब्द ऐकून.