प्रमिलाताईंचा हिरवा चौकोन

प्रमिलाताई पाठीमागे येऊन उभ्या राहायच्या. माझा हात बाजूला सारून माउस स्वतःकडे घ्यायच्या आणि त्याचं चाक फिरवत माझ्या नकाशातल्या एखाद्या कोपऱ्यात शिरायच्या. आधी स्वयंपाकघर मोठं व्हायचं, मग नुसती भिंत उरायची. मला अगदी जुळलेल्या वाटणाऱ्या दोन रेषांमध्ये शेवटी फट उघडी पडायची.

"हे काय होय? डोळ्यानं जुळवलंस नं? मंग स्नॅप कायले देल्लं हाय?"

मी रेष दुरुस्त करायची. मग त्या माउस सोडून म्हणायच्या, "हं. आता बसलं." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

गोंदियात घरांचे नकाशे करणाऱ्या त्या लहानशा ऑफिसात मी नवी होते आणि त्या सगळ्यांत जुन्या. तिरोड्याजवळच्या गावाहून सकाळच्या गाडीने यायच्या. घरी भाऊ, भावजय आणि धानाची शेती. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

कॉम्प्युटरवर रेषेचं टोक दुसऱ्या टोकाजवळ नेलं की स्नॅप ते पकडतं. तिथे हिरवा चौकोन उमटतो, आणि क्लिक केलं की रेष नेमकी तिथेच जाऊन बसते. मला ती कटकट वाटायची. मी ते बंद करून अंदाजाने रेषा ओढायची. एकदा भिंतीत रंग भरायला गेले तर तो भिंतीतून निसटून थेट न्हाणीघरभर पसरला. ऑफिसात हशा पिकला. प्रमिलाताई तेवढ्या हसल्या नाहीत. "बांधीच्या धुऱ्याले बोटभर भोक रायलं तं पानी थांबते काय बांधीत?" धानाच्या शेताचा बांध दाखवत असल्यासारखं एवढंच म्हणाल्या, आणि कोपरा शोधून दिला.

एवढ्या काटेकोर बाईच्या भाजीत मीठ मात्र कधी जुळलं नाही. मी तोंड वाकडं केलं की म्हणायच्या, "मिठाले नाई बापा स्नॅप." आणि डब्यातली अर्धी भाजी माझ्याच झाकणात वाढायच्या. त्यांचा माझ्यावर जीव होता, हे मला त्या खारट भाजीतूनच कळलं.

पुढे त्या दाराच्या चौकटीला आपटू लागल्या. चहाचा कप टेबलाच्या अगदी काठावर ठेवू लागल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. थेंबांनी उरलेली टिकली तर टिकली. हे त्यांनी मला एकटीला सांगितलं.

"साहेबाले सांगजो नको, अश्विनी. काम सुटलं तं मी घरी बसून काय करू? भावजयीनं वाढलेलं खाऊन नुसती बसून राहू काय?"

मी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या स्क्रीनवरचा तो हिरवा चौकोन मात्र त्या सेटिंगमध्ये जाऊन वाढवत चालल्या. आधी ज्वारीच्या दाण्याएवढा होता, मग बोराएवढा झाला.

"ताई, एवढा मोठा?"

"मले दिसते नं. तुले काय तरास होऊन राहिला?"

संध्याकाळी त्या गाडीसाठी निघाल्या की मी त्यांचे नकाशे उघडायची आणि त्यांनीच शिकवलं तसं कोपऱ्याकोपऱ्यात शिरून बघायची. एकही फट सापडायची नाही. मी निर्धास्त होत गेले.

एके दिवशी आमगावकडच्या कामावरून मिस्त्रीचा फोन आला. पायाच्या खड्ड्यांसाठी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने आखणी करताना ओसरीचा एक खांब भलतीकडेच येत होता. अजून काही खोदलं नव्हतं, नुकसान झालं नव्हतं. नकाशा प्रमिलाताईंचा होता. त्यांनी तो उघडला, कोपरा मोठा मोठा करत नेला आणि काचेला नाक लागेपर्यंत वाकल्या. फट नव्हतीच. खांबाचं टोक पक्कं जुळलं होतं, पण ओसरीच्या कोपऱ्याला नव्हे, शेजारच्या पायरीच्या कोपऱ्याला. चौकोन एवढा मोठा झाला होता की दोन्ही कोपरे त्याच्याखाली झाकले जायचे.

"पकडलं तं हाय," त्या हळू म्हणाल्या. "पन कोनतं पकडलं, थे मले दिसलं नाई."

मागे उभ्या साहेबाने ते ऐकलं; साहेब वाईट माणूस नव्हता. तोही गडबडला. "प्रमिलाबाई, कुछ दिन घर पे आराम करो. आँख ठीक हुई की या परत." डोळे बरे व्हायचे नव्हते, हे प्रमिलाताईंचा चेहरा बघून सगळ्यांनाच कळलं. त्या वाद घालत बसल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि चाचपडत, सवयीने कळा दाबत त्यांनी तो चौकोन पुन्हा लहान केला. "पुढं बसनाऱ्याले एवढा मोठा कायले पायजे?" म्हणाल्या, आणि डबा उचलून निघाल्या. मी संडासात जाऊन रडले.

धान कापून झाल्यावर मी त्यांच्या गावी गेले. आता त्यांना उजेड तेवढा कळत होता. भावाचं घर त्यांनीच काढलेल्या नकाशावर बांधलेलं. भिंतीवर हात ठेवून त्यांनी मला ते सगळं दाखवलं. कोपरा आला की थांबायच्या, तळवा दाबून धरायच्या. "इथून मधात खिडकी," म्हणायच्या, आणि खिडकी तिथेच असायची.

"माह्याच हातचा नकाशा हाय. घरात नाई लागत मले डोळे," असं म्हणून हसल्या. मला हसू आलं नाही.

"स्नॅप चालू ठेवतेस नं?"

"ठेवते, ताई."

निघताना त्या मला पोचवायला अंगणात आल्या. तिथे भिंत नव्हती. घरात एवढी ताठ चालणारी बाई दोन पावलांत अडखळली आणि उभी राहिली. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे हात पुढे केला. एवढ्या वर्षांत कधी केला नव्हता. तो माझ्यापासून वीतभर डावीकडे गेला आणि हवेत चाचपडू लागला. त्यांना ते कळत होतं. ओठ घट्ट मिटले होते.

मी सरकले आणि माझा गाल त्यांच्या तळव्यात ठेवला. गाल ओला होता. त्यांनी अंगठ्याने माझी हनुवटी चाचपली, मग नाक, मग कपाळ.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बसलं."