उकळून न जाणारं विष

जगात स्वच्छ असं काहीच नसतं, यावर माझ्या पीएचडीच्या काळातल्या सिनिअरइतकी गाढ श्रद्धा असलेलं माणूस मी नांदेडातच काय, कुठेच पाहिलं नाही. ती हदगावकडची, माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. काचेचं भांडं धुऊन पालथं घातलं की ते स्वच्छ झालं, असं तुम्ही-आम्ही समजतो. ताई ते भांडं ओव्हनमध्ये इतकं तापवायची की आमच्या त्या एका खोलीच्या लॅबमध्ये बसणं मुश्किल व्हायचं, आणि तरीही बाहेर काढल्यावर त्याच्याकडे संशयानेच बघायची. अशा तापवलेल्या भांड्यांच्या तिच्या डब्याला कुणी ग्लोव्हज न घालता हात लावला, तर ते तिला कसं कळायचं देव जाणे. मी नवीन असताना एकदा लावला होता. तिने डबा उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घे, आता तुझाच हाय हा." वैताग यायचा, पण भांडायलाही उत्साह लागतो, तो आमच्यात कुणाकडेच उरलेला नसायचा.

तिचं काम थोडक्यात असं. शेळ्यांच्या लसीत घालायचं एक प्रथिन ती जिवाणूंकडून तयार करून घ्यायची. जिवाणू बिचारे प्रथिन करून देतात, पण त्यांना फोडून प्रथिन बाहेर काढताना त्यांच्या अंगावरचं विषही द्रावणात उतरतं आणि प्रथिनाला चिकटून बसतं. दिसत नाही, वास नाही, उकळलं तरी जात नाही. रक्तात गेलं की मात्र ताप आणतं. या विषाने ताईच्या डोक्यात कायमचं घर केलं होतं. एकदा मी तिच्या घरी गेले होते. तिच्या आईने चहाचं आधण ठेवलं, तर ही चुलीपाशी जाऊन सांगते, "आई, उकळून जिवाणू मरतेत, त्याचं विष मरत न्हाई."

आईने पातेल्याकडे बघितलं. "मंग च्या पिऊ का नगं?"

"पी की. पोटात चालतंय. रक्तात चालत न्हाई."

"रक्तात कोन च्या घालून राहिलंय, बाई?" असं म्हणून आईने साखर टाकली.

तर या ताईला एक दिवस फार मोठा रिझल्ट मिळाला. तिचं प्रथिन रोगाशी लढणाऱ्या पेशींवर टाकलं की पेशी नुसत्या चेकाळून उठायच्या. त्या जाग्या झाल्या की चाचणीच्या प्लेटमध्ये पिवळा रंग येतो, आणि हिची प्लेट हळदीच्या कार्यक्रमासारखी पिवळीधमक. आमच्या गाइड सरांनी पेढे आणले. निवृत्तीला आलेला साधा माणूस, आयुष्यभर अर्ज आणि मंजुऱ्या यांतच गेलेला. या प्लेटपुढे त्यांचा थकवा थोडा उतरलेला मी बघितला. पेपर लिहून झाला. ताई मात्र पेढा हातात धरून प्लेटकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिने ते प्रथिन चांगलं खळखळा उकळलं. उकळलं की प्रथिन कामातून जातं, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. ते मेलेलं प्रथिन तिने पेशींवर टाकलं. प्लेट पुन्हा तेवढीच पिवळी.

ती सरांच्या केबिनमध्ये गेली, तेव्हा मीही मागे उभी होते. "सर, प्रथिन मेलं तरी पेशी वरडून राहिल्यात. मंग हे बोलून कोन राहिलंय? प्रथिन न्हाई, सर. घाण बोलून राहिलीय."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अगं, इतका चांगला रिझल्ट आलाय. नजर नको लावूस त्याला."

"साफ करून बघते. तरीबी पिवळं आलं तर पेढे मी आणते."

सरांनी पेपर पाठवला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

मग ते साफ करणं सुरू झालं, आणि त्यात आमचा उन्हाळा गेला. पद्धत दिसायला सोपी होती. एक विशिष्ट साबण प्रथिनाच्या द्रावणात बर्फावर मिसळायचा. गार असताना तो विरघळतो, जरा ऊब दिली की गढूळ होऊन विषासकट तळाशी बसतो. वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. पण नांदेडच्या मे महिन्यात ऊब द्यावी लागत नाही. वीज जायची, बर्फ वितळायचा आणि साबण आमच्या आधीच तळाशी जाऊन बसायचा. बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात लादी घेऊन ऑटोने यायचं, तर लॅबपर्यंत येता येता आमच्या ओढण्याच ओल्या. शिवाय दर धुण्याला थोडं प्रथिनही वाहून जायचं. शेवटी हातात काहीच न उरण्याची भीती होती. मी एकदा विचारलंच, "ताई, कशाला स्वतःच्याच पोटावर पाय देताय?" ती बर्फ फोडत होती. म्हणाली, "लसीत घालायचंय ना गं. शेळीला ताप आला तर ती कुनाला सांगनार?"

विष उरलं की नाही, हे बघायची चाचणी एका समुद्री जीवाच्या रक्तापासून करतात. विष असलं की नळीत दही लागल्यासारखं घट्ट होतं, नळी उलटी केली तरी पडत नाही. तिला नळ्या उलट्या करायची इतकी सवय लागली, की मेसमध्ये तिने दह्याची वाटीही सगळ्यांसमोर उलटी केली. ते पातळ निघालं. मेसवाल्या चाचांचा चेहरा पडला. "बेटा, दूधच पतलं येऊन राहिलं, मी काय करू?" ताई मात्र खूश होऊन म्हणाली, "चाचा, असंच पायजे!" आणि हात धुवायला गेली.

अखेर एका दुपारी उलट्या नळीतलं द्रावण पाण्यासारखं खाली आलं. प्रथिन थोडंच, पण शाबूत होतं. तिने ते पेशींवर टाकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं प्लेटभोवती उभे होतो. तुलनेसाठी मुद्दाम विष घातलेले कोपऱ्यातले खड्डे पिवळेजर्द. तिच्या प्रथिनाचे सगळे खड्डे कोरे. प्रथिनाला बोलायचं असं काही नव्हतंच. सर म्हणाले, "पंखा वाढवा जरा." पंखा आधीच पाचवर होता. ताई म्हणाली, "सर, पेढे वाचले माझे." हसायचा प्रयत्न आम्ही तिघांनीही केला.

प्रबंध झाला, उशिरा झाला. साफ करण्याची पद्धत आणि शेवटी एक 'नाही', एवढाच. 'नाही'वर कुणी नोकरी देत नाही. ताई लातूरला एका क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायला लागली, तिथेच राहिली. गेल्या हिवाळ्यात प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला मी लातूरला गेले, तर मला बसमध्ये बसवून द्यायला ती स्टँडवर आली. सकाळपासून बॅचवर बॅच घेऊन तिचा आवाज बसला होता. बाकावर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. मी म्हटलं, "ताई, तो पेपर जाऊ दिला असता तर आज..."

"हाव," ती म्हणाली. "प्रोफेसर असते मी." मग एक शेंग फोडत म्हणाली, "पोरं विचारतेत, मॅडम, हे विषाचं परीक्षेला येतंय का? मी म्हनते, न्हाई. तरीबी सांगते."

"काय सांगता?"

बघितलं तर झोप लागून तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलेलं, मुठीत शेंगा तशाच. नांदेडची गाडी लागली, कंडक्टरने दोनदा आवाज दिला. मी हातानेच त्याला जा म्हटलं आणि अजिबात न हलता बसून राहिले.