उजव्या सोंडेचा गणपती

गणपतीची सोंड मी भलत्याच बाजूला वळवली. डावीकडे वळवायची हे पक्कं ठाऊक होतं, पण मूर्तीसमोर बसल्यावर मी माझी डावी बाजू धरली, त्याची नाही. झालं, गणपती उजव्या सोंडेचा.

हा उद्योग मला लावला व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनी. दारू सुटली होती, पण संध्याकाळ झाली की हात शिवशिवायचे. बाई म्हणाल्या, हातांना काम द्या. आधी जलरंग आणले, तर कागदापेक्षा आमच्या बनशंकरीतल्या घराची फरशीच जास्त रंगली. मग बायकोला सांगून बसलो, यंदा मूर्ती मी करणार. माझ्या सांगण्यावर बोलणं तिनं केव्हाच सोडलं होतं. मी बाहेरून आलो की ती फक्त तोंडाचा वास घ्यायची.

कढीपत्ता मागायला आलेल्या शेजारच्या कानडी अक्कांनी मूर्ती पाहून हातच जोडले. त्यांच्याकडे हा बलमुरी, म्हणजे भाग्याचा. आमच्याकडे मात्र कडक. सोवळं, नैवेद्य, कशात तसूभर चूक चालत नाही, आणि ते करणार कोण, तर बायको. तिनं कपाळाला हात लावला. अक्का म्हणाल्या, स्वल्प सांभाळलं की झालं. त्यांनी माझे जुने दिवस पाहिलेले, तरी असं म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी सोंड उपटली. नवी लावली, ती लोंबली. दुसरी पडली, पडताना पोटाचा तुकडा घेऊन गेली. प्रत्येक वेळी मी आणखी चिडत होतो. शेवटी एक घट्ट बसली. बघतो तर पुन्हा उजवीकडे.

चपला घातल्या. "माती घेऊन येतो," म्हणालो. मातीनं भरलेलं घमेलं आम्हा दोघांच्या मध्ये होतं.

कोपऱ्यावरच्या बारमध्ये वेटरनं ओळखून खुर्ची ओढली. एवढं अगत्य सासुरवाडीतही झालं नव्हतं. बसणार, तोच हातांवरची वाळलेली माती कातडी ओढू लागली आणि आठवलं, मूर्तीवर ओलं फडकं टाकलेलंच नाही. खिडकी सताड उघडी, त्यात हा आषाढातला वारा. तडा गेला की सगळं पहिल्यापासून. तेव्हा देव आठवला नाही, बाईंचे सल्ले आठवले नाहीत, खरं सांगायचं तर बायकोही नाही. ती मेली सोंड पुन्हा करायची, या वैतागानंच मी उलट पावली घरी आलो.

खिडकी बंद होती. मूर्तीवर ओलं फडकं होतं. बायको शेजारी बसली होती. मी सवयीनं तोंड पुढे केलं, पण तिनं वास घेतला नाही.

म्हणाली, "आता ती सोंड मोडू नका. सोवळ्याचं मी बघेन. तुम्ही रोज संध्याकाळी घरात बसा. तेवढं कडक तुम्हाला पाळता येतं का, बघू."