गाळलेलं पान

आंटी फ्रेमाशी भांडू नये, हे आमच्या बेक्वाई गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी मात्र तिच्याशी तीस वर्षं भांडतोय. माझा गाड्यांचा अड्डा आणि तिचा टाइपरायटर, मध्ये एवढासा रस्ता. मी दिवसभर "कुमासी, कुमासी, एकच सीट!" म्हणून बोंबलणार आणि ती पलीकडे कोर्टाच्या भिंतीला टेकून, फाटक्या निळ्या छत्रीखाली लोकांचे अर्ज आणि जमिनीचे कागद टाइप करणार. "बोआटेन, देवानं तुझ्या घशाला झाकण का नाही रे दिलं?" असं ती रोज एकदा तरी विचारते. मीही म्हणतो, "तुझ्या जिभेला लावता लावता संपलं म्हणून."

बाई आता त्रेसष्टची. एक गुडघा कामातून गेलेला, पदरी मूलबाळ नाही, मशीनशेजारी भाजलेल्या शेंगदाण्यांचा पुडा. तिची एकच खोड. कागद पुरता वाचून दाखवल्याशिवाय ती कुणालाही सही करू देत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही, वकील डोळे वटारत असला तरी नाही. एकदा कोकोच्या बागेच्या कागदात कुणीतरी नक्कल करताना एक 'नाही' गाळला होता. तो हिनं पकडला, नाहीतर दोन भाऊ जन्मभर कोर्टात झिजले असते. कागदावर काय आहे ते कुणीही वाचेल, पण काय राहिलंय ते फ्रेमाच वाचते, असं लोक म्हणतात. तिच्या तोंडावर मी हे कधी कबूल करणार नाही.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. बाफोर माझ्या बहिणीचा, अचिआचा मुलगा. मी त्याचा वोफा, म्हणजे मामा, आणि आमच्यात मुलाचा भार बापापेक्षा मामावर. वय चौतीस. घरीच बसून फोन दुरुस्त करतो. डोळ्याला डोळा भिडवत नाही आणि जे बोलतो तेच करतो, त्यात तसूभर इकडचं तिकडे नाही. तो एकतीस वर्षांचा असताना कुमासीच्या डॉक्टरीणबाईंनी याला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं. तोवर मी त्याला हट्टी म्हणत होतो. लाज वाटते, पण म्हणत होतो.

या बाफोरनं पुस्तक लिहिलं. विज्ञानकथा. राजधानीतल्या, अक्राच्या एका छोट्या प्रकाशकानं छापलं, आणि मी अड्ड्यावर सगळ्यांना बिस्किटं वाटली. मग वाचायला घेतलं. अरे देवा! त्यात माणूस नाही, गाव नाही, रॉकेटसुद्धा नाही. कुठल्याशा लांबच्या जगात सात जण येऊन पोचतात. त्यांना हातपाय नाहीत. एकाला नुसती लांबी आहे. एक नुसता उतार आहे. एकाचं नाव उशीर, आणि तो म्हणजे खरोखर नुसता उशीरच. पुढं अडीचशे पानं हे सात जण थांबलेले. अकराव्या पानावर माझी मान खाली पडली. अक्राच्या पेपरानं लिहिलं, 'पात्रांना काही हेतूच नाही.' गावात तर कुणी तीन पानांपुढं गेलं नाही.

तेव्हा बाफोर आम्हाला म्हणाला, "नाताळापर्यंत एका माणसानं शेवटपर्यंत वाचलं, तर मी दुसरं पुरं करीन. नाहीतर अर्धं झालंय ते जाळीन, आणि पुन्हा लिहिणार नाही."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी हसलो असतो. पण बाराव्या वर्षी 'मी रताळू खाणार नाही' म्हणालेला हा माणूस, आजतागायत त्याला शिवलेला नाही. आणि लिहिणं सुटलं तर याच्याजवळ राहणार काय? मध्ये एक वर्ष तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. ते वर्ष अचिआनं कसं काढलं ते मी पाहिलंय.

म्हणून मी खोटं बोललो. "वाचलं रे! झकास!"

"एकशे चाळीसाव्या पानावर काय होतं?" त्यानं विचारलं.

"ते… लढाई."

"पुस्तकात लढाई नाही, वोफा." तो निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडून फ्रेमासमोर उभा राहिलो.

"मी?" ती म्हणाली. "कॉलेजातली माणसं मेली का सगळी?"

"तू तीस वर्षं वकिलांची वाक्यं वाचतेस. याहून अवघड काय असणार?"

"गोड बोलतोयस म्हणजे गरज मोठी दिसते." तिनं हात पुढं केला. "आण इकडं. पण आवडलंच पाहिजे असं सांगायचं नाही, कळलं? वाचीन म्हणजे वाचीन, एवढंच."

वाचायची तिची तऱ्हा पाहण्यासारखी होती. ओळीखाली पट्टी धरायची, पेन्सिलनं खूण करायची, गिऱ्हाईक आलं की पट्टी तिथंच ठेवून त्याचं काम उरकायचं. काही सकाळी जेमतेम तीन वाक्यं व्हायची. खारवलेले मासे विकणारी बाई खिदळली, "आंटी, बायबल सोडून हे काय धरलंत?"

"यातही ज्याची वाट बघायची तो दिसत नाही," फ्रेमा म्हणाली. "मला सवय आहे."

मी मधूनमधून ओरडून विचारायचो, "कुठवर आलीस?" तर म्हणे, "तुझ्या गाडीपेक्षा पुढं!" नोव्हेंबर सरला. डिसेंबरच्या सुरुवातीला बघतो तर बाई पुन्हा पहिल्या पानावर! मला वाटलं, नाताळ हुकला. त्यात ती पानांचे आकडे मोजत होती, शिवण बोटानं चाचपत होती, पुस्तक उन्हात धरून बघत होती. डोकं फिरलं बिचारीचं, असं मला वाटलं. विचारलं तर म्हणे, "आधी तुझी गाडी भर!"

नाताळाला चार दिवस होते. रविवारी दुपारी, चर्चच्या पांढऱ्या झग्यातच, लंगडत लंगडत ती आमच्या घरी आली. अचिआनं खुर्ची दिली, पाणी दिलं. ती दोन घोट प्याली. मग घरातला मोठा म्हणून मी विचारलं, "इथं सगळं शांत आहे. वाट तू चालून आलीस, तूच सांग." याला आम्ही अमाने विचारणं म्हणतो. पाणी दिल्यावाचून आणि अमाने विचारल्यावाचून आमच्याकडं आलेला माणूस तोंड उघडत नाही. घराला आग लागल्याची बातमी आणली असली तरी आधी पाणी.

"माझी तक्रार आहे," फ्रेमा म्हणाली. "बाफोरला बोलव."

बाफोर आला आणि दाराच्या चौकटीला टेकून तिच्या हातातल्या पुस्तकाकडं बघत राहिला.

"पोरा, तुझ्या छापखान्यानं एक पान गाळलंय."

"नाही गाळलं."

"मला शिकवू नकोस. मी दोनदा वाचलंय, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नवव्या पानावर हे सात जण पोचतात. दहाव्या पानावर बघावं तर नुसते उभे. आकडे सलग टाकलेत, पण मधलं पान कुठाय? कुणीतरी त्यांना बसा म्हणेल, पाणी देईल, अमाने विचारेल, ते पान? ते नाही म्हणून तर बिचारे अडीचशे पानं तिष्ठत राहिलेत. प्रत्येकाच्या पोटात केवढं सांगायचं आहे, ते ओळीओळीत दिसतंय. पण विचारल्याशिवाय बोलायचं कसं? चांगल्या घरचे आहेत ते. आणि तो उशीर… खरं सांगते, त्याच्यासाठी मी छत्रीखाली बसून रडले. लोकांना सांगितलं कांदा चिरत होते. कोर्टासमोर!"

बाफोरचे दोन्ही हात पाखरासारखे हलायला लागले. त्याला फार आनंद झाला की ते हलतात.

"पान गाळलेलं नाही," तो म्हणाला. "ते पान त्यांना मिळालंच नाही. तेच पुस्तक आहे."

फ्रेमानं नववं पान पुन्हा उघडून पाहिलं. "म्हणजे माझंच चुकलं?"

"नाही. तुम्ही एकट्यांनी बरोबर वाचलंत."

अचिआ अंगावरच्या कापडानं डोळे पुसायला लागली. मला वाटलं, झालं, जिंकलो, आता मेजवानीच्या जेवणाला फुफू कुटायला घ्यावं. पण फ्रेमा उठेना. तिनं हळूच विचारलं, "आणि तुला रे? तुला कुणी विचारलंय कधी?"

उत्तर मला माहीत होतं. लहान असताना तो बाहेरून यायचा आणि पाण्याची वाट न बघता मनातलं भडाभडा बोलायचा. मी त्याच्या डोक्यात टपली मारायचो, "आधी रीत शीक, मग बोल!" तर त्यानं घरी आल्यावर बोलणंच सोडलं. मोठा झाला तरी कुठंही गेलं की अमाने विचारली जायची अचिआला, आणि दोघांचं मिळून उत्तर तीच द्यायची. चौतीस वर्षं! मामा म्हणून मी केलं तरी काय होतं?

मी उठलो. पाहुण्यांचा पेला धुतला, भरला, त्याच्यासमोर खुर्ची मांडली. कुमासीपर्यंत ऐकू जाणारा माझा आवाज त्या दिवशी मी अगदी खाली आणला.

"बाफोर, इथं सगळं शांत आहे. वाट तू चालून आलास. तूच सांग."

अचिआनं सवयीनं तोंड उघडलं. फ्रेमानं तिच्या गुडघ्यावर हात दाबला.

त्यानं पेला रिकामा केला. मग किती वेळ गेला देव जाणे. गाडी भरायची वाट बघताना मी ओरडतो, शिव्या देतो, हॉर्न वाजवतो. तिथं नुसता बसून राहिलो.

"वाट बरी होती," तो रीतीप्रमाणं म्हणाला. "दुसरं पुस्तक पुरं करतोय. आंटी फ्रेमांनी वाचलं म्हणून." पेला खाली ठेवला. "आणि वोफा, तुम्ही जेवताना रेडिओ लावता. तो मला दुखतो. कानात खिळा ठोकतात तसा. म्हणून बाराव्या वर्षापासून मी ताट घेऊन मागच्या अंगणात जातो. मला तुमच्याबरोबर जेवायला आवडतं."

फ्रेमानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं मला एक टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

बावीस वर्षं मी गावभर सांगत फिरलो होतो की माझ्या भाच्याला माणसांत जेवायला आवडत नाही.