आईच्या ठेवीवर बहिणीचं नाव

आई उरणजवळच्या मोरा बंदराच्या बाजारात सुकी मासळी विकायची. त्यातून साठवलेली उरणच्या बँकेतली एक मुदत ठेव, एवढंच तिच्या मागे राहिलं. वडील आधीच गेलेले, त्यामुळे वारस दोघंच, मी आणि धाकटी बहीण.

एवढ्या लहान रकमेला कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. वारसांनी बँकेला हमीपत्र द्यायचं, एकाने पैसे घ्यायचे, दुसऱ्याने हरकत नाही असं लिहून द्यायचं. खारघरला घरी बसून मी हे सगळं वाचून काढलं आणि पाचशेच्या स्टँप पेपरवर मजकूर टाइप करून घेतला. पैसे घेणारा मी, हरकत नसणारी बहीण. आमच्याकडे बहीण सही करते आणि भाऊ तिला साडी घेतो. साडीही मी घेतली होती. अर्धी रक्कम तिला द्यायची हे ठरलेलंच होतं, पण देणारा मी असणार होतो.

बहिणीला घेऊन बँकेत गेलो, तर तिथल्या मुलीने कागद चाळून परत केले. "काका, हे काही लागणार नाही. ठेवीला नॉमिनी आहे. ताईंचंच नाव आहे."

"कधी लावलं?"

"गेल्या वर्षी. आजी स्वतः आल्या होत्या, ह्यांच्याबरोबर."

व्याजावर कर कापू नये म्हणून दर एप्रिलला आईचा फॉर्म मी भरत होतो, रजा टाकून.

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे," मी म्हणालो. "पैसे फक्त तिच्या हातात येतात. हक्क दोघांचा."

"बरोबर आहे. ते तुम्ही आपसात बघा. बँक ह्यांनाच देणार."

बहीण म्हणाली, "दादा, अर्धे तुझेच हायेत. मी काय पळून चाललेय?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"आय नको बोलली. दादाला वाईट वाटंल, बोलली."

म्हणजे आईला माहीत होतं, आणि तरीही. रोज सकाळी बाजारात त्या दोघी एका पाटावर बसायच्या. गिऱ्हाईक नसताना काय काय बोलणं होत असेल, ते त्या पाटावरच राहिलं. मला वर्षातून एकदा विचारलं जायचं, सही कुठे करू. अर्धी रक्कम मिळणार होती, हिशोबात काहीच कमी पडत नव्हतं. तरी मला बहिणीकडे बघवेना.

"पिशवीत साडी हाय ना?" ती म्हणाली. "आता सही नको, तर साडी पन नाय का?"

बँकेतली मुलगी हसली. मी पिशवी बहिणीच्या मांडीवर ठेवली.

मग बहिणीने दाव्याचा अर्ज पुढे ओढला. असले कागद तिने कधी भरले नव्हते. "दादा, हितं काय लिवू?"

मयताशी नातं, असा तो रकाना होता. मी त्यावर बोट ठेवलं आणि तिला सांगितलं, मुलगी लिही. तिने सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. माझ्या फायलीतल्या कागदावर त्याच जागी मुलगा असं टाइप केलेलं होतं.